शामलाबाईंचा स्फटिक

शामलाबाईंनी बावीस वर्षं ज्याला खाऊ घातलं, त्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवार आणि गुरुवार, सकाळी साडेदहा. हातात कोपरापर्यंत मोजे, पायात बंद बूट, पदर खोचलेला. मोठ्या टाकीतून धाकट्या टाकीत नायट्रोजन ओतायचा. दिसायला पाण्यासारखा, पण असा थंड की त्याच्यापुढे बर्फालाही हुडहुडी भरावी. ओतताना पांढरं धुकं उठायचं. फरशीवर उतरायचं, त्यांच्या पावलांभोवती रेंगाळायचं आणि विरून जायचं. बाहेर मे महिना असो, सिमेंटचा रस्ता तव्यासारखा तापलेला असो, शामलाबाईंच्या घोट्यांशी दहा मिनिटं हिवाळा असायचा.

धाकट्या टाकीतून तांब्याचा एक दांडा वर जायचा. दांड्याच्या टोकाशी ॲल्युमिनियमची टोपी आणि टोपीच्या आत जर्मेनियमचा स्फटिक, मुठीएवढा. टोपीभोवती चार बोटं जाड भिंतींचं शिशाचं घर, वर सरकतं झाकण. नमुन्याची माती आत ठेवली की तिच्यातून निघणारे गॅमा किरण स्फटिकावर आदळायचे आणि कॉम्प्युटरवर एकेक टिंब उमटायचं. अर्थात स्फटिक थंड असला तरच. म्हणून सोमवार आणि गुरुवार.

नोकरीच्या कागदावर त्या प्रयोगशाळा सहायक होत्या. नागपुरातल्या एका जुन्या कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागात. माहेर कळमेश्वरचं. बी.एस्सी. झाल्या, पुढचं शिकायचं राहून गेलं. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. येत्या जुलैअखेर त्या निवृत्त होणार होत्या.

आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी स्फटिक पाहिला. पडद्यावर.

दाखवला उन्मेषनं. उन्मेष कन्हानचा, पीएच.डी. करणारा. नदीकाठच्या मातीत किती किरणोत्सार आहे ते मोजणं हा त्याचा विषय. मोजायच्या आधी एक गोष्ट माहीत असावी लागते. मातीतून शंभर किरण निघाले तर स्फटिक त्यातले किती टिपतो? हीच त्या यंत्राची, डिटेक्टरची, कार्यक्षमता. बटणाएवढे काही स्रोत लॅबमध्ये होते, अमेरिशियमचे, सिझियमचे, कोबाल्टचे. त्यांच्यातून किती किरण निघतात ते ठाऊक होतं. ते वर ठेवून कार्यक्षमता काढता यायची. पण डबा बदलला, मातीची उंची बदलली की आकडा बदलायचा. प्रत्येक डब्यासाठी वेगळा स्रोत कुठून आणायचा? म्हणून उन्मेषनं कॉम्प्युटरमध्ये दुसरा डिटेक्टर बांधला. कारखान्याच्या नकाशाप्रमाणे, मिलिमीटर न् मिलिमीटर.

"या काकू, बसा. तुमच्या लेकराचा फोटो दाखवतो."

शामलाबाई पदराला हात पुसत बसल्या. काळ्या पडद्यावर एक आकृती तरंगत होती. उन्मेषनं माऊस फिरवला तशी ती संथपणे वळली.

"हे काय गा?"

"ही वरची टोपी. ही आतली पोकळी. आणि हा..." त्यानं पडद्यावर बोट टेकवलं. "हा स्फटिक."

तो निळा होता. उभा, कडेला किंचित गोलावलेला, खालून पोखरलेला. शामलाबाई बघत राहिल्या.

"इतलासाच?"

"इतलासाच."

"मी समजून राहिली होती, मोठा असंन." मग थोड्या वेळानं, "निळा असते का?"

"रंग मी दिला, काकू. खरा तर करडा असते. बदलवू का?"

"नको. निळाच राहू दे."

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पुढे वाकल्या. घरच्या माणसाचा फोटो पाहताना काय नाही ते आधी दिसतं. तसं त्यांना दिसलं.

"वर काहीच नाही याच्या. उघडाच आहे. आपण पॉलिथिन घालतो ना वरून, मातीबिती सांडू नये म्हणून?"

"पॉलिथिननं काही फरक नाही पडत. किरण आरपार जातात. वरचं मी काहीच नाही टाकलं नकाशात."

"बरं," शामलाबाई म्हणाल्या. वरच्यानं काही फरक पडत नाही, हे त्यांनी मनात ठेवून दिलं.

उन्मेषनं एक कळ दाबली. पडद्यावर वरून हिरवे धागे सुटू लागले. काही टोपीवरच संपत. काही निळ्यात शिरत, आत वळत, पुन्हा वळत, थांबत. काही सरळ आरपार जाऊन काळ्यात नाहीसे होत. आवाज काहीच नाही. फक्त खिडकीतल्या कुलरची घरघर.

"हे खरे किरण?"

"सगळे खोटे. प्रत्येक किरणासाठी कॉम्प्युटर फासा टाकते. किती दूर जाईल, कुठं वळेल, कुठं थांबेल, सगळं फाशावर. असे एक कोटी सोडायचे. एकाचं काही सांगता येत नाही. पण कोटीचं सांगता येते. त्यातले निळ्यात किती थांबले ते मोजायचं. झाली कार्यक्षमता."

"आणि हे जे वरच्यावरच बसून राहिले?"

"थे लहान ऊर्जेचे. त्यायच्यात दम नसते. जरा काही आडवं आलं की बसले. मोठ्या ऊर्जेचे पैलवान असतात. आडवे आले तरी जातात."

"म्हणजे हे लेकरं," शामलाबाई म्हणाल्या. तेव्हापासून लॅबमध्ये लहान ऊर्जेच्या किरणांना लेकरं म्हणू लागले.

मग त्या रोज दुपारी यायच्या. डबा उन्मेषच्या टेबलावरच उघडायच्या. बाहेर ऊन पांढरं झालेलं असायचं, अंगणातला गुलमोहर न हलता पेटलेला. खसाच्या ताट्यांचा ओला वास, कुलरचं पाणी टपकायचा आवाज, आणि पडद्यावर पडणारे हिरवे धागे. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा. बावीस वर्षं शिशाच्या आत अंधार होता. आता त्या अंधाराला आतून कुणी कंदील दाखवत होतं. कंदील खोटा होता, हे त्यांना माहीत होतं. तरी दिसत होतं ते दिसत होतं.

एकदा त्या घरी जाताना मेट्रोत बसल्या होत्या. सीताबर्डीला गर्दी आत शिरली, डब्यात पसरली, काही दाराशीच थांबली, काही पुढल्या स्टेशनला आरपार उतरून गेली. शामलाबाईंना हसू आलं. शेजारच्या मुलीनं पाहिलं.

"काय झालं मावशी?"

"काही नाही वं. फासे पडून राहिले."

दुसऱ्या आठवड्यात उन्मेष हसेनासा झाला.

त्यानं दोन रेषा एकावर एक ठेवल्या होत्या. एक सिम्युलेशनची, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या डिटेक्टरची, एक मोजलेली. मोठ्या ऊर्जेला दोन्ही जवळजवळ एक होत्या. खाली, लेकरांकडे, त्या फाकत होत्या. सर्वांत खाली सिम्युलेशनचे शंभर, तर खऱ्याचे सत्तरच. तिसरी एक रेषा त्यानं जुन्या रजिस्टरमधून काढली होती, डिटेक्टर नवा असतानाची. ती सिम्युलेशनला चिकटून होती.

"म्हणजे बरोबर बांधला आहेस तू," शामलाबाई म्हणाल्या.

"मी बरोबर बांधला. पण हा तेव्हाचा आहे. आताचा राहिला नाही." उन्मेषनं डोकं खाजवलं. "काकू, स्फटिकाच्या वरच्या कातडीत एक थर असते. त्यात किरण पडला तर मोजला जात नाही. मेलेला थर म्हणतात त्याले. नव्यातही असते, पातळसा. पण स्फटिक बरेच दिवस गरम राहिला तर तो थर वाढते. मी नकाशात तो दीडपट केला तर रेषा बरोबर जुळून राहिल्या. एक सांगा, मधे कधी गरम झाला होता का हा?"

शामलाबाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

"झाला होता," त्या म्हणाल्या. "एकोणीस दिवस."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

हा डिटेक्टर आणला होता श्रीधर सरांनी. खोके उतरवून घेताना सर लहान मुलासारखे मागेपुढे नाचत होते. "शामलाबाई, याला उपाशी ठेवायचं नाही," एवढंच त्यांनी शिकवलं. बाकीचं त्या पाहून शिकल्या.

दर खंडेनवमीला लॅबमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. सरांचा विश्वास नव्हता, पण त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. अट एकच. टोपीला हळद लागता कामा नये. मग शामलाबाईंनी घरच्या जुन्या डब्याचं स्टीलचं झाकण इतवारीतल्या एका भांडेवाल्याकडून कापून आणलं. गोल, टोपीच्या मापाची चकती. ती टोपीवर ठेवायची. हळदकुंकू चकतीला, झेंडूचं फूल चकतीवर, आपट्याचं पान चकतीवर. पूजा झाली की चकती कपाटात.

कोविडच्या पहिल्या वर्षी कॉलेज बंद झालं. स्फटिकाला सुट्टी नव्हती. सरांनी शामलाबाईंना पास मिळवून दिला. रिकाम्या रस्त्यांवरून त्या स्कूटीनं यायच्या. व्हरायटी चौकात पोलिसानं अडवलं.

"कुठं चालल्या मावशी?"

"थंड करायले."

"काय थंड करायले?"

"मशीन. कॉलेजची."

पोलिसानं पास उलटसुलट पाहिला. "मशीनले पण झाला का कोरोना?"

"होऊ नये म्हणून तर जाऊन राहिली, दादा."

त्या वर्षीची खंडेनवमी त्यांनी एकटीनं केली. सरांना व्हिडिओ कॉल लावला. सर मुलाकडे पुण्यात अडकले होते, दाढी वाढलेली. फोन चकतीवर धरला तेव्हा सरांनी शर्टाची कॉलर नीट केली.

"चकती काढू ना, सर?"

"राहू द्या हो. मी दिवाळीनंतर येतोच आहे. आल्यावर काढू."

दिवाळी गेली. शामलाबाईंनी हळद पुसली, चकती जागेवरच ठेवली आणि वरून पॉलिथिन घातलं. सर फेब्रुवारीत नागपूरला परतले. लॅबमध्ये येण्याआधीच एप्रिल आला. सर आजारी पडले, ऑक्सिजनवर गेले. त्याच आठवड्यात नायट्रोजनवाल्याचा फोन आला. "बाई, आता नायट्रोजन बंद. सगळा प्लांट ऑक्सिजनवर लावला."

शामलाबाईंनी हुज्जत घातली नाही. डिटेक्टरचं व्होल्टेज नीट उतरवलं, बंद केलं. टाकीतलं धुकं दोन-तीन दिवसांत संपलं. स्फटिकाचा नायट्रोजन सरांकडे चाललाय, असं त्यांनी मनाशी धरलं. ते खरं होतं की नव्हतं, कोण सांगणार? तेवढ्यावर त्यांचे ते दिवस निघाले. एकोणीस दिवस. सर अकराव्या दिवशी गेले.

मग नायट्रोजन आला. त्यांनी पुन्हा ओतायला सुरुवात केली. वर्षभरानं उन्मेष आला, त्यानं नव्यानं मोजमाप सुरू केलं. पॉलिथिन फाटलं की शामलाबाई नवं घालायच्या. खाली चकती असायची, टोपीच्याच रंगाची. हाताला ती इतकी सवयीची झाली की डोळ्यांना दिसेनाशी झाली.

यातलं त्यांनी उन्मेषला सांगितलं ते फक्त एकोणीस दिवसांचं. चकतीचं सांगायचं सुचलंही नाही. वरच्यानं फरक पडत नाही, हे तोच म्हणाला होता.

उन्मेषनं वहीत लिहून घेतलं. "तुमची काही चूक नाही काकू. तेव्हा कोण काय करणार होतं?"

"हो," शामलाबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी डबा न उघडताच परत नेला.

विभागप्रमुख केयूर सर तरुण होते, सरळ होते. त्यांनी तिन्ही रेषा पाहिल्या.

"म्हणजे स्फटिक खराब होत चाललाय. दुरुस्तीला परदेशात पाठवावा लागेल, ते काही होत नाही. उन्मेष, तुझी मोजणी जूनपर्यंत आटप. शुक्रवारी मी निकाली काढायच्या कागदावर सही करतो. शामलाताई, तुम्हीही जुलैत सुटताय. दोघं बरोबरच."

ते गमतीनं म्हणाले. शामलाबाईही हसल्या. मग मागच्या खोलीत जाऊन त्यांनी दोन स्वच्छ काचपात्रं पुन्हा धुतली.

बुधवारी दुपारी कुलरसमोर त्यांचा डोळा लागला. स्वप्नात त्या शिशाच्या घरात बसल्या होत्या. आत निळा उजेड होता. वरून हिरवी लेकरं येत होती, शाळेतून उन्हात चालत आल्यासारखी, गाल लाल झालेली. उंबऱ्याशी येऊन बसत होती. "आत या ना रे, काहून बसले?" त्या म्हणत होत्या. लेकरं नुसती वर बघत होती. निळ्यातून कुणीतरी म्हणालं, "आल्यावर काढू." त्या दचकून जाग्या झाल्या. कुलरचं पाणी संपलं होतं. उन्मेष टेबलावर हात आपटत होता.

"काय झालं गा?"

"जमलेलं सगळं बिघडलं."

त्यानं दुसऱ्या डब्यावर तपासणी केली होती. या डब्याच्या बुडाला मधोमध खड्डा असतो. तो डिटेक्टरवर टोपीसारखा बसतो. त्यामुळे माती वरही असते आणि चहूबाजूंनीही. आत भरलेली माती बाहेरून मागवलेली, किती किरण टाकते ते लिहून आलेलं. महिनाभर सील करून ठेवली होती. ती आज मोजली. सिम्युलेशनमध्येही तीच माती, तोच डबा, तोच वाढवलेला मेलेला थर.

"वरून स्रोत ठेवला तेव्हा जुळलं होतं. आता खरा डिटेक्टर जास्त टिपून राहिला, माझा कमी. म्हणजे बाजूनं याले चांगलं ऐकू येते. वरूनच येत नाही."

"आमच्या सासूबाईसारखं," शामलाबाई सवयीनं म्हणाल्या. मग पडद्याकडे वळल्या.

"मेलेला थर कुठं असते म्हणाला तू? वरच का चहूकडून?"

"चहूकडून. कातडीसारखा. गरम झाला तर सगळीकडूनच वाढणार ना."

"मंग बाजूनं कसा ऐकते?"

"थेच तर कळून नाही राहिलं, काकू."

शामलाबाई उठल्या. कुलरमध्ये पाणी टाकलं. बादली जागेवर ठेवली. बादली ठेवताना त्यांच्या हाताला एकाएकी आठवलं. थंड, गोल, पातळ. बोटांना कडेची धार आठवली.

"उन्मेष, तू म्हणला होता, वरच्यानं काही फरक नाही पडत."

"पॉलिथिननं नाही."

"स्टीलनं?"

उन्मेष हसला. "स्टील असलं तर लेकरं जागीच बसतील. पण स्टील कुठून आणता तुम्ही?"

शामलाबाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ऊन तसंच होतं. गप्प बसता आलं असतं. जुलैअखेर त्या घरी जाणार होत्या. उन्मेषचे आठ महिने त्या रेषांमागे गेले होते, तो काय म्हणेल? केयूर सर काय म्हणतील? आणि चकती काढली की सरांचं "आल्यावर" कायमचं संपणार होतं. पण परवा शुक्रवार होता. आत तो होता, बाजूनं सगळं ऐकणारा.

त्या परत येऊन खुर्चीत बसल्या.

"तो थर पहिल्यासारखा कर. कारखान्यातून आला होता तेवढा. आणि टोपीवर एक चकती टाकून पाहा बरं. स्टीलची. अर्धा मिलिमीटर."

"काहून?"

"टाक तर खरी."

उन्मेषनं त्यांच्याकडे पाहिलं. मग की-बोर्डकडे वळला. टोपीच्या वर एक बारीक राखाडी रेघ आली. एक कोटी. कळ दाबली.

चाळीस मिनिटं लागणार होती. शामलाबाईंनी डबा उघडला. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. निम्मी भाकरी त्याच्यापुढे ठेवली. तो खाता खाता पडद्याकडे बघत होता. हिरवे धागे पडत होते. राखाडी रेघेवर लेकरं थांबत होती, एक, दोन, पुन्हा एक. पैलवान निघून जात होते. शामलाबाईंना वाटलं, ही लेकरं नेमकी जिथं हळद लावली होती तिथंच बसताहेत.

रेषा उमटली. मोजलेल्या टिंबांवरून ती अशी गेली, जणू टिंबं तिच्यासाठीच मांडून ठेवली होती. मग त्यानं खड्डा असलेला डबा चढवला, पुन्हा चालवलं. पुन्हा थांबले. तिथंही जुळलं.

उन्मेषच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता.

"काकू. हे तुमाले कसं सुचलं?"

त्या शिशाच्या घरापाशी गेल्या, दोन्ही हातांनी झाकण सरकवलं. रबर काढलं, पॉलिथिन सोललं. नखानं कड उचलली.

चकती त्यांच्या तळहातावर होती. मध्यभागी पुसूनही उरलेला पिवळट डाग.

"हे त्यावर होतं?" उन्मेष म्हणाला. "तीन वर्षं?"

"तू यायच्या आधीपासून."

"आणि मी इतके दिवस त्याले मारून राहिलो होतो?"

"मी बी," शामलाबाई म्हणाल्या. "त्याच्याहून जास्ती."

तो रागावेल असं त्यांना वाटलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खांदे हलायला लागले. तो हसत होता की काय ते पहिल्यांदा कळेना. हसतच होता.

उघड्या टोपीवर त्यानं अमेरिशियम ठेवलं, तासभर मोजलं. जुनं रजिस्टर उघडलं. सरांच्या बारीक अक्षरातला आकडा आणि आताचा आकडा शेजारी शेजारी ठेवले. फरक होता, पण मोजण्यात एरवीही येतो तेवढाच. एकोणीस दिवसांनी स्फटिकाचं काही बिघडवलं नव्हतं. शामलाबाईंनी तो आकडा चष्मा काढून पुसून पुन्हा वाचला.

केयूर सरांना त्या स्वतः सांगायला गेल्या. चकती त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे डिटेक्टरवर कुणी ठेवलं?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"श्रीधर सरांना."

केयूर सर श्रीधर सरांचेच विद्यार्थी होते. खंडेनवमीला झेंडू आणायचं काम त्यांच्याकडे असायचं. त्यांनी चकती उचलली, बोटानं डागावर घासलं, बोटाकडे पाहिलं. मग खणातून शुक्रवारचा कागद काढला आणि मधोमध फाडला.

"यंत्रावर काही ठेवलं तर लिहून ठेवायचं असतं, शामलाताई."

"हो सर."

"पूजेच्या वेळी मीही चकतीचं रजिस्टरमध्ये कधी लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. "जाऊ द्या."

लॅबमध्ये परत आल्यावर शामलाबाईंनी चकती फडक्यात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवायला घेतली. उन्मेष धावतच आला.

"ओ काकू, कुठं नेता? थे परत वर ठेवा!"

"आता काहून?"

"माझी तीन वर्षांची सगळी माती चकतीसकट मोजली आहे. अकरा डबे अजून बाकी आहेत. आता काढली तर पहिलेचे आणि नंतरचे जुळतील कसे? ती आता नकाशात आहे."

शामलाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. अर्ध्या तासापूर्वी त्यांनी मनातून जी वस्तू एकदाची खाली ठेवली होती, ती पोरगं परत हातात देत होतं.

त्यानं आधी तिची जाडी मोजली. शून्य दशांश बावन्न. तीनदा मोजली, तीन ठिकाणी. मग फाइल उघडली. तिथं प्रत्येक भागाला नाव द्यावं लागतं. टोपी, पोकळी, स्फटिक, दांडा.

"हिचं नाव काय देऊ?"

"चकती. दुसरं काय?"

त्यानं टाइप केलं.

"आणि डबे संपले की?"

"तेव्हा मी नसेन. तू काढ," शामलाबाई म्हणाल्या. "कपाटात ठेव, वरच्या खणात. खंडेनवमीला लागते. आणि पूजा झाल्यावर लगेच काढायची. कुणी फोनवर काही म्हणलं तरी."

"तुमी येसान ना पूजेले?"

"बोलावशील तर येईन. फुकटचे पेढे कोण सोडते?"

दुसरा दिवस गुरुवार. साडेदहाला त्यांनी मोजे चढवले, पदर खोचला, ओतायला सुरुवात केली. धुकं उठलं, फरशीवर उतरलं. झाकण लावण्याआधी त्यांनी आत डोकावून पाहिलं. आतापर्यंत कधी पाहिलं नव्हतं तसं. पॉलिथिन, त्याखाली चकती, त्याखाली टोपी. पुढे अंधार.

अंधारात तो करडा असेल. शामलाबाईंनी त्याला निळा रंग दिला, क्षणभर बघितलं आणि झाकण ओढून घेतलं.